झारा खाली ठेवायचा नाही

भुताला रात्र लागते, अमावास्या लागते, वड-पिंपळ लागतो असं ज्यांनी सांगून ठेवलं, त्यांनी जळगावचा मे महिना पाहिलेला नसावा. इथे दुपारी एकदा का ऊन डोक्यावर आलं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दुकानांची शटरं खाली येतात, माणसं कूलरपुढं आडवी होतात, आणि उन्हं कलेपर्यंत अख्खा बाजार निपचित पडून असतो. त्या वेळात कोणी हाक मारली तर ओ द्यायला कोणी नसतं. ही गोष्ट त्याच वेळातली आहे. तुम्हाला दिव्याची वात मोठी करायची असेल तर खुशाल करा, पण तिथे उजेडाची वाण नव्हती.

शिल्पा जळगावजवळच्या असोद्याची सून, माहेर शिंदखेड्याचं. नवरा समाधान शिरपूरकडे सूतगिरणीत कामाला, जमेल तसा घरी यायचा. घरात सासू भागाबाई आणि लेक सांची. सांचीला यंदा शाळेत घालायचं होतं, आणि त्यासाठी शिल्पाला हाताला काम हवं होतं. माहेरच्या गल्लीतली पुष्पाबाई, जिला ती लहानपणापासून मावशी म्हणायची, जळगावात शालिग्रामशेठच्या फरसाणाच्या दुकानात होती. तिनं निरोप धाडला की कढईवरची जागा रिकामी आहे, लगेच ये. जागा का रिकामी झाली ते तिनं सांगितलं नाही आणि हिनंही विचारलं नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काही उगाच नाही.

सकाळच्या बसनं शिल्पा उतरली, दुकान शोधलं. पुढून पाहाल तर काय तो थाट! काचेची कपाटं, गार हवा, केळीच्या वेफरांच्या पिवळ्याधमक थैल्यांची रांग. मागं मात्र पत्र्याचं शेड, त्यात भट्टी आणि भट्टीवर एवढी मोठी कढई की तिच्यात म्हशीचं रेडकू बसावं. पंखा होता, पण लावायचा नाही, जाळ हलतो. खिडकी होती, तिला पत्रा ठोकलेला. भिंतीलगत बायका बसून कच्च्या केळ्यांची सालं काढत होत्या. केळीचा चीक तुम्हाला ठाऊक आहे ना? हाताला लागला की काळा पडतो, कपड्याला लागला की कापड फाटेल पण डाग जाणार नाही. तिथल्या सगळ्या बायकांचे पंजे कोळशात बुडवल्यागत काळे होते.

पुष्पाबाईनं तिला कढईशी उभं केलं आणि तिथला रिवाज सांगितला. कढईवरच्या बाईनं झारा खाली ठेवायचा नाही. बदली आली की हातातून हातात द्यायचा. देणारीनं म्हणायचं ‘घे’, घेणारीनं म्हणायचं ‘घेतला’, आणि तो शब्द कानावर पडल्याशिवाय मूठ सोडायची नाही. यात जादूटोणा काही नाही. उकळत्या तेलाची कढई क्षणभरही बेवारस राहू नये, एवढाच त्यातला शहाणपणा. सुट्टी फक्त दुपारची. तेव्हा जाळ मंद करायचा आणि झारा भिंतीच्या खिळ्याला टांगायचा.

ही दुपारची सुट्टी इतरांसाठी होती, कढईवालीसाठी नव्हती. बायका मागच्या बोळातल्या कडुलिंबाखाली भाकरी खायला जायच्या. कढईवालीनं आत थांबायचं, तेल निवू द्यायचं नाही, संध्याकाळची केळी सोलून ठेवायची. दुकानाकडचं दार पलीकडून बंद असायचं. आणि मागच्या दाराला कारखाना सांभाळणारा मगन बाहेरून कुलूप घालायचा, किल्ली कंबरेला खोचायचा आणि पलीकडच्या गल्लीत घरी जाऊन झोपायचा. का, तर उघड्या दारातून माल चालत जातो.

पहिल्या दुपारी कुलूप खट्‌कन लागलं आणि शिल्पा आत एकटी राहिली. तिनं दाराकडं नीट पाहिलं. दाराला निळा ऑइलपेंट होता, ताजाच, पण त्याच्याखालून काहीतरी काळं वर आलं होतं. छातीच्या उंचीवर पंजे. त्याखाली, कंबरेच्या उंचीवर, आणखी पंजे. आणि अगदी तळाला, जिथं दाराच्या फटीतून बाहेरचा उजेड येत होता, तिथं बोटं खाली वळलेला एकच पंजा, फट धरू पाहणारा.

त्या संध्याकाळी तिनं पुष्पाबाईला गाठलं. मावशी आधी टाळाटाळ करत राहिली. मग बसथांब्यावरच्या बाकावर बसून हळूहळू सगळं सांगितलं. गेल्या वर्षी कढईवर इंदिराबाई होती. अशाच एका दुपारी आत जाळ भडकला. दार वाजू लागलं. बाहेर लिंबाखाली बायका, दाराला कुलूप, मगन घरी गाढ झोपलेला, उठता उठेना. दार वाजणं आधी वर होतं, मग खाली खाली गेलं, मग थांबलं. पोलीस आले तेव्हा शेठनं सांगितलं की बाईनं पदर सांभाळला नाही, तिचीच चूक. दार उघडं होतं का म्हणून बायकांना विचारलं. सगळ्यांनी उघडं होतं म्हणून सांगितलं. पुष्पाबाईनंही सांगितलं.

“तिना हातमा झारा तसाच व्हता,” पुष्पाबाई म्हणाली. “मूठ सुटेच ना. मग तसाच नेला, तिनासंगे. चितेवर.”

“आणि ते पंजे?”

“चीक शे, पोरी. कितीदा रंग दिन्हा, वर येस.”

शिल्पानं दुसऱ्या दिवशी मगनला सांगितलं की दुपारी कुलूप नको. गॅसची रबरी नळीही दाखवली. ती चिरली होती आणि तिच्यावर नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती. मगन स्वतः पोरवयात याच कढईवर उभा राहिलेला माणूस, त्याला हे कळायला हवं होतं. पण कढईवरून उतरलेल्या माणसाला कढईचा जाळ आठवत नाही. आत काय वाघ आहे का, म्हणून तो हसला. मग ती धीर करून शेठकडे गेली. शालिग्रामशेठ बोलायला मोठा गोड माणूस. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मगनला सांगतो म्हणाले, आणि पोरीसाठी तुटक्या वेफरांची थैली हातात ठेवली. कुलूप होतं तिथंच राहिलं.

दुपारी मग तिला एकटीला ते जाणवू लागलं. जाळ मंद असताना कढईतलं तेल एकाएकी कुजबुजल्यासारखं करायचं. कच्च्या केळ्यांच्या वासात मधूनच जळक्या लुगड्याचा वास यायचा. आणि डाव्या हाताला, जिथं बदलीची बाई, म्हणजे एरवी पुष्पाबाई, उभी राहते, तिथं कोणीतरी उभं असायचं. दिसायचं काही नाही. पण रांगेत आपल्या मागं माणूस उभा आहे हे जसं न वळता कळतं, तसं तिला कळायचं. ते काही करत नव्हतं, नुसतं ताटकळत होतं. शिल्पाला घाम फुटायचा, आणि तो भट्टीचा नव्हता.

घरी तिनं सासूला सांगितलं. भागाबाई फटकळ बाई, तिच्या घरात भुताखेतांना कधी थारा नव्हता. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

“भुताले भिऊ नको,” ती म्हणाली. “कुलुपाले भी. ते खरं आहे.”

हे शिल्पाच्या मनात बसलं. तिनं बायकांना एकेक करून तयार केलं. उद्या दुपारी कोणी बाहेर जायचं नाही. मगन कुलूप घालायला लागला की सगळ्यांनी उंबऱ्यात बसायचं, दार लावूच द्यायचं नाही. सगळ्या हो म्हणाल्या. पुष्पाबाईनं तर तिचा हात हातात घेऊन सांगितलं की या वेळेला मागं हटणार नाही. शिल्पा त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. मगन दारात येऊन उभा राहिला, कुलूप बोटावर फिरवत. एक बाई उठली, डबा घेतला, खाली मान घालून बाहेर गेली. तिच्यामागं दुसरी. पुष्पाबाई सगळ्यात शेवटी उठली. उंबऱ्यावर थांबून तिनं मागं पाहिलं, आणि तीही गेली. कुलूप लागलं.

शिल्पाला रडू आलं. रागही आला, पण कोणावर काढायचा? पोटाला चिमटा सगळ्यांनाच बसतो. तिनं डोळे पुसले आणि कढईशी गेली. तेलावर जळका चुरा तरंगत होता, तो काढायला हवा होता. नजर तेलावर, मन भलतीकडे. रोज सकाळपासून शंभरदा करते तसा तिनं डावा हात मागं केला आणि सवयीनं म्हणाली, “दे गं.”

हातात झारा आला.

“घे...” कानाशी आवाज झाला, अगदी हळू, घसा कोरडा पडलेल्या माणसासारखा.

“घेतला,” शिल्पा म्हणाली.

आणि मग तिला समजलं. पुष्पाबाई बाहेर होती. दाराला कुलूप होतं. तिनं समोर पाहिलं. कारखान्याचा झारा भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. तिच्या हातात होता तो दुसराच. त्याची लाकडी मूठ जळून कोळसा झाली होती, आणि ती गरम होती.

डाव्या बाजूनं कोणीतरी सुस्कारा सोडला. मग पावलं वाजली. अनवाणी पावलं, चिकट जमिनीवरून सुटताना होतो तसा आवाज करत, एकेक, दाराकडे. पाळी संपलेली बाई जाते तशी, सावकाश. दारापाशी ती थांबली. बाहेरून कुलूप खट्‌कन उघडलं. दार सताड उघडलं, पांढरंफेक ऊन आत आलं, त्याबरोबर लू आली. उंबऱ्यावर कोणी नव्हतं. शिल्पा धावली. ती पोचायच्या आत दार मिटलं आणि बाहेरून कुलूप लागलं.

तेवढ्या वाऱ्यानं जाळ हलला होता. तो भट्टीबाहेर लवला आणि नळीला भिडला. चिकटपट्टी वितळली, फुस्‌ असा आवाज झाला, आणि आग नळीवरून जिभा काढत वर चढली. तेल धुमसायला लागलं. शिल्पानं उजव्या हातानं दार बडवलं, डाव्या हातातला झारा काही केल्या सुटेना. चिकानं काळा झालेला तिचा पंजा त्या जुन्या पंजांच्या शेजारी उमटत गेला. आधी छातीशी. मग धूर वर साठला तशी ती खाली बसली आणि पंजे खाली आले. फटीशी तोंड नेऊन ती श्वास घेऊ लागली, तेव्हा तिच्या गालाजवळच तो बोटं वळलेला पंजा होता. तिला सांची आठवली. आता आपली पोर आईवाचून वाढणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

बाहेर पुष्पाबाई या वेळेला बसून राहिली नाही. ती अनवाणी तापल्या डांबरावरून पळत गेली आणि मगनच्या दारावर दगड घालून त्याला उठवलं. तो आला, कुलूप काढलं, दार उघडलं. आत पाऊल टाकल्यावर त्यानं आधी पाहिलं ते मालाच्या खोक्यांकडे. मग खोकत पुढं जाऊन गॅसची टाकी बंद केली. मग त्याचं लक्ष शिल्पाकडे गेलं. ती दारातच उभी होती, पण तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता.

“हे काय धरून बसलीस?” तो ओरडला. “दे इकडे, आणि हो बाहेर.”

त्यानं हात पुढं केला. शिल्पानं त्या हाताकडे पाहिलं. तिला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. नको भाऊ, घेऊ नका, असं म्हणायला एक क्षण तिच्यापाशी होता, आणि तो तिनं जाऊ दिला.

“घे,” ती म्हणाली.

“घेतला,” मगन म्हणाला. पोरवयातली सवय, तोंडातून आपोआप निघाली.

तिची मूठ सुटली. ती बाहेर पडली आणि तिच्या पाठीमागं दार मिटलं. कुलूप मगनच्या खिशात होतं. कडी लागलेली नव्हती. तरी पाच-सहा बायकांनी खांदे लावून दार हललं नाही. आतून ते वाजू लागलं, आधी वर, मग खाली. शेवटी पाट्याचा दगड घालून फळी फोडली तेव्हा मगन तळाच्या फटीशी तोंड लावून पडलेला सापडला. जीव होता. मूठ मिटलेली होती.

शिल्पानं त्याच दिवशी काम सोडलं. पोलिसांनी या वेळेला विचारलं तेव्हा तिनं कुलुपाचं सांगितलं, इंदिराबाईचंही सांगितलं. बाकीच्यांनी पुन्हा खरं सांगितलं नाही. शालिग्रामशेठनं नवं दार बसवलं, नवी नळी घातली, दुकानाच्या गल्ल्यावर पूर्वीसारखे गोड बोलत बसले. मगन दवाखान्यातून घरी गेला एवढं तिच्या कानावर आलं. त्याच्यापुढं तिनं विचारपूस केली नाही, आपला जीव वाचला यात समाधान मानलं. पण दुपार झाली की तिचा डावा हात आपोआप मागं जायचा, आणि ती तो पदरात गुंडाळून घ्यायची.

मृग लागायला आला होता, पावसाचा पत्ता नव्हता. अशाच एका दुपारी भागाबाई शेजारी गेलेली, सांची अंगणात खेळत होती, आणि पुष्पाबाई आली. तिचे गाल बसले होते. एक हात कापडी पिशवीत घातलेला. शिल्पानं आत बोलावलं तर ती आत येईना. भर उन्हात ओट्यावरच बसली.

“दारामागे बसत नई मी आता,” ती म्हणाली.

ती मगनला पाहायला गेली होती. तो घरात नव्हे, रस्त्यावर खाट टाकून पडून होता. ज्या घरात, ज्या न्हाणीत तो जायचा तिथलं दार त्याच्यामागं मिटायचं आणि उघडायचं नाही. बायकोनं माहेरची वाट धरली होती. त्यानं पुष्पाबाईकडे पाणी मागितलं, आणि तिनं पेला पुढं केला तर म्हणाला, अक्का, हे जरा धर. तिनं धरलं. तोंडातून ‘घेतला’ हा शब्दही गेला. तेव्हापासून ती अंगणात निजत होती. बसमध्येही दाराशी उभी राहून आली होती.

“मी कोणाले दिऊ?” पुष्पाबाई रडत म्हणाली. “त्यानी माले दिन्हा. मना खाले कोण शे?”

तिनं पिशवीतला हात जळक्या मुठीच्या त्या झाऱ्यासकट बाहेर काढला. पिशवीचं कापड आतून करपलेलं होतं.

“मावशीआजी, काय आणलं?” सांची धावत ओट्यावर आली आणि तिनं इवलासा हात पुढं केला.

पुष्पाबाईचे ओठ हलले. ती ‘घे’ म्हणणार होती की नाही, ते शिल्पाला आजही सांगता येणार नाही. तिनं सांचीचा हात मागं ओढला आणि स्वतःचा पुढं केला.

“घेतला,” शिल्पा म्हणाली.

पुष्पाबाईचे खांदे खाली आले. ती उठली, सांचीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उन्हात चालायला लागली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. शिल्पानं सांचीला आजीकडे पिटाळलं आणि झारा कुठं तरी ठेवावा म्हणून घरात आली, मग तिला आठवलं की तो ठेवता येत नाही. ती तशीच उभी राहिली. आपण मगनला दिला, मगननं मावशीला, मावशी आपल्या लेकीपर्यंत आली. सगळ्यांनी खालीच दिला, वर कोणी दिलाच नाही. शालिग्रामशेठच्या हातात आजवर कोणी झारा ठेवला नव्हता. तिचं ठरलं. आत्ताची बस मिळाली तर दुकान उघडायच्या वेळेला शेठ गल्ल्यावरच सापडतील, आणि ते हसून हात पुढं करतील.

ती दाराकडे वळली. चूल सकाळपासून विझलेली होती, तरी घरात कढत तेलाचा वास आला. बाहेर अनवाणी पावलं वाजली, चिकट जमिनीवरून सुटत, एकेक, आणि थांबली. मग दार मिटलं आणि कडी बाहेरून लागली.